चार ते साडेचार

टोळीवाल्या मावशीनं पोतं उलटं केलं तेव्हा ठिणगीच्या हातात फोन होता. कुणा दूरच्या शहरातल्या बाईनं विचारलं होतं, 'ताई, या सुरीनं पिकलेला टोमॅटो चिरता येतो का?' आणि ठिणगी एका अंगठ्यानं 'हो ताई, अगदी' असं लिहीत होती. तेवढ्यात पायाशी खणखणाट झाला. एकावर एक चाळीस विळे मातीत पडले, त्यातले वरचे अकरा तुटके. काहींचे दाते उडालेले, काहींची टोकं गेलेली, एक तर मधोमध मोडलेला.

"मोज," मावशी म्हणाली. "का आधी तिकडचं उत्तर लिहून होऊ दे?"

मावशी म्हणजे कापणीच्या बायकांच्या टोळीची म्होरकी. वय साठीच्या पुढं, कंबर जरा वाकलेली, पण बोलणं ताठ. तिच्या हाताखाली चाळीस बायका. तीस वर्षं या टोळीनं याच लोहाराच्या शेडचे विळे वापरले होते.

ठिणगीनं फोन चामडी एप्रनच्या खिशात टाकला. तिचे कान लाल झाले.

"ओढ्याकाठचं शेत लवकर पिकलं म्हणून काल उतरलो," मावशी सांगू लागली. "जेवणाच्या सुट्टीपर्यंत अकरा मोडले. एक तुकडा उडाला तो माझ्या भाचीच्या पोटरीत. चार टाके पडलेत. बिचारी पाय उचलून घरी बसलीय."

ठिणगीचा नवरा घण खाली ठेवून पुढं आला. "मावशी, शेतात दगड असेल एखादा..."

"दगड तेच आहेत बाबा. तीस वर्षं तेच आहेत. विळे बदललेत."

त्यानं घणाचा दांडा उगाचच पुसला. मावशी भात्याकडं वळली. तिथं आबा बसले होते, ठिणगीचे सासरे. डोळ्यांवर पांढरी साय आलेली, पण हात भात्याच्या दांड्यावर.

"आबा, तुम्ही काही बोलणार की नाही?"

"भट्टी तिच्याकडं आहे," आबा एवढंच म्हणाले.

"बरं. मग तिलाच सांगते." मावशीनं पोतं झटकून काखेत मारलं. "आठव्या दिवशी माळावरचा गहू कापायला उतरायचंय. उजाडताच येते मी. बायकांच्या हातात देण्यासारखे चाळीस विळे असतील तर नेईन. नसतील तर बाजारात यंत्रावरचे टांगलेत, ते घेईन. आणि एकदा तिकडं वळले की परत वळायची नाही. माझा स्वभाव मला ठाऊक आहे."

एवढ्यात एप्रनच्या खिशात फोन टिणटिणला. एकदा, दोनदा, मग तिसऱ्यांदाही.

"बघ, बघ," मावशी म्हणाली. "कुणीतरी बोलावतंय तुला."

ती गेली. ठिणगी खाली बसून विळे गोळा करायला लागली. तुटक्या दात्यानं बोट कापलं तरी तिच्या लक्षात आलं नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं तिला.

कारण बाजारातले विळे काही फक्त चाळीस विळ्यांचं गिऱ्हाईक नेणार नव्हते. पाच वर्षांपूर्वी आबांची नजर गेली तेव्हा त्यांनी सांडशी मुलाच्या हातात न देता सुनेच्या हातात दिली होती. 'पोराच्या दंडात ताकद आहे, पण डोळ्याला धीर नाही,' असं ते चारचौघांत बोलले. पोरानं हसून घण उचलला, त्याला काही वाटलं नाही. बाकीचे मात्र खूप हसले. बाई भट्टीवर? आता विळे करणार की वेण्या घालणार? त्या वर्षी हसणाऱ्यांच्या गर्दीतून मावशी पुढं आली आणि म्हणाली, 'मला चाळीस दे. माझ्या बायका बघतील काय ते.' ठिणगीच्या हातचा पहिला विळा तिनंच घेतला होता. आता तीच वळली, तर मागचे हसणारे काही मेलेले नव्हते. सांडशी खाली ठेवावी लागली असती, आणि आबांचा शब्द खोटा पडला असता.

आता ठिणगी हे काही तिचं नाव नव्हे. ते फोनवरचं. मागच्या वर्षी नणंद सुट्टीला आली होती. तिनं गंमत म्हणून भट्टीचा व्हिडिओ काढला: अंधारी शेड, लाल पोलाद, घणाचा दणका आणि ठिणग्यांचा पाऊस. पान उघडलं, त्याला 'ठिणगी' नाव दिलं, आणि आठवड्यात चाळीस हजार लोकांनी ते पाहिलं. लोक विचारू लागले, सुऱ्या करता का? ठिणगी करू लागली. आता खोटं कशाला बोला, फोनमुळं घराला बरकत आली. छताचे गळके पत्रे बदलले, भोकं पाडायचं यंत्र आलं. गावातली माणसंसुद्धा तिला ठिणगीच म्हणू लागली.

पण फोनला पोट नसतं हो. त्याला कितीही दिलं तरी तो पुरे म्हणत नाही. सकाळी भट्टी पेटायच्या आधी एक व्हिडिओ, पोलाद तापेपर्यंत दहा उत्तरं, दोन घावांच्या मध्ये 'किती लोकांनी पाहिलं' ते बघणं. नवऱ्याच्या एका व्हिडिओखाली कुणीतरी 'दादांचे दंड बघा!' असं लिहिलं, तेव्हापासून हा गडी इस्त्रीचा शर्ट घालून घण मारू लागला. घाव घालायच्या आधी केसांवरून कंगवा. त्यात लोकांनी तक्रार केली की ताई, फार अंधार आहे, काही नीट दिसत नाही. मग ठिणगीनं ताटाएवढा गोल पांढरा दिवा आणला, उभ्या काठीवर बसवला आणि खिडकीवरचं जुनं पोतं काढून टाकलं. व्हिडिओ झकास येऊ लागले. महिना-दीड महिना झाला होता या गोष्टीला.

त्या संध्याकाळी भट्टी विझल्यावर आबांनी हाक मारली. "इकडं ये. हात पुढं कर."

तिनं ओंजळ केली. आबांनी बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा उपडा केला. ओंजळीत खिळे पडले. विळ्याची मूठ बसवायला लागतात ते, बिनटोकाचे आखूड खिळे.

"हे काय आबा?"

"आजचे. मावशी येऊन जाईपर्यंतचे. एकोणचाळीस."

"एकोणचाळीस काय?"

"दोन घाव पडतात, मग शांत होतं. कोळसा घातल्याचा आवाज नाही, कानस नाही, पाणी नाही. फक्त तुझं बोट काचेवर टकटक करतं. तसं झालं की मी एक खिळा डब्यात टाकतो. महिनाभर रोज करतोय. रोज रात्री परत काढून ठेवतो." आबा जरा थांबले. "पहिल्या दिवशी वीस होते."

ठिणगीच्या डोळ्यांत पाणी आलं. "मग बोलला का नाहीत मला? हात धरून थांबवायचं होतं!"

"सुनेला बोललो असतो. लोहाराला कसं बोलणार? भट्टी ज्याची, त्यानं बघायचं."

ते ऐकून तिला जास्तच रडू आलं. नवरा दारात उभा होता, त्यानं केसातला कंगवा हळूच खिशात घातला.

सकाळी तिनं पहिलं काम केलं ते विळे का मोडले हे शोधायचं. ट्रकच्या कमानीचे तेच जुने पाटे, तोच कोळसा, विहिरीचं तेच पाणी. एक धडका विळा तिनं ऐरणीच्या कडेला आपटला. कडकन मोडला. मोडलेल्या जागी पोलाद खडबडीत दिसत होतं, जाड्या मिठासारखं. तिनं तो तुकडा आबांच्या हातात दिला. त्यांनी अंगठा फिरवला.

"जाड दाणा आलाय. पाणी देताना जास्त तापलेलं होतं."

"शक्यच नाही आबा. रंग बघितल्याशिवाय मी एकही पाण्यात घातला नाही. डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल, तुम्ही शिकवला तसाच."

"मग दाणा खोटं बोलतोय?"

तिला राग आला. तिनं एक पात्याचा तुकडा भट्टीत घातला, आबांनी भाता फिरवला, आणि ती नेहमीसारखी दिव्याशेजारी उभी राहिली. पोलाद तापत गेलं. तिनं सांडशीनं बाहेर काढून नवऱ्यासमोर धरलं.

"सांगा, कसा आहे रंग?"

"डाळिंबच आहे की."

"ऐकलंत आबा?"

आबा ऐकत नव्हते. ते मान तिरकी करून बसले होते. "मला एक सांग. माझ्या डाव्या गालाला हे ऊन कुठून लागतंय? या जागी चाळीस वर्षं बसतोय. इथं कधी ऊन लागलं नाही."

"खिडकीवरचं पोतं काढलंय, म्हणून."

"का काढलंस?"

"व्हिडिओला उजेड..." असं म्हणता म्हणता ती थांबली. तिनं आबांना भाता थांबवायला सांगून तुकडा होता तेवढाच गरम राहील असा परत भट्टीत सरकवला. दिवा बंद केला. पोतं शोधून खिडकीवर टांगलं, दार ओढून घेतलं. शेडमध्ये पूर्वीसारखा काळोख झाला. डोळे सरावेपर्यंत ती थांबली आणि मग तिनं पोलाद पुन्हा बाहेर काढलं.

ते नारिंगी होतं. संत्र्याच्या सालीसारखं, वर पिवळी झाक मारत होतं. मघाशी उजेडात डाळिंब दिसलेलं तेच पोलाद.

तिनं सांडशी ऐरणीवर टेकवली. "आबा, मी उजेडात पाणी दिलं! उजेडात लाल दिसेपर्यंत तापवत बसले, आणि ते कधीच पुढं गेलेलं असायचं. चाळीसच्या चाळीस मी स्वतःच्या हातानं जाळले!"

मग आबा कपाळावर हात मारून हसायलाच लागले. खोकला येईपर्यंत हसले. "अगं, उजेडात पाणी देतात होय! माझ्या बापानं मला सांगितलं नाही, मी तुला सांगितलं नाही. शेड अंधारीच असायची, सांगायचं कशाला? माझंही चुकलं गं. अर्धी चूक माझ्या नावावर टाक."

अर्धी चूक वाटून घेतल्यानं विळे काही परत येणार नव्हते. पण ठिणगीला निदान श्वास घेता आला. काय चुकलं ते कळलं होतं, आणि सात दिवस हातात होते.

"मग फोन बंदच करून टाक," नवरा म्हणाला. "विहिरीत टाकू का?"

"विहिरीत टाकायला तो तुमच्या बापाचा आहे का?" ती म्हणाली, आणि मग जीभ चावली, कारण बाप तिथंच बसला होता. आबा गालात हसले. "बंद नाही करायचा. निम्मी कामं त्याच्यावर येतात. पण तो सगळा दिवस खातोय. त्याला सगळा दिवस देणार नाही, अर्धा तास देईन. साडेतीनला भट्टी विझते. चार ते साडेचार त्याचे. बाकीचा दिवस पोलादाचा."

तिनं आबांचा बिस्किटांचा डबा घेतला, खिळे एका वाटीत काढून त्यांच्याजवळ ठेवले, आणि फोन डब्यात घालून झाकण दाबलं. डबा ठेवला आबांच्या मागच्या फळीवर. तिथून कुणी तो उचलला तर आबांना कळल्याशिवाय राहणार नव्हतं.

त्या दिवशी चार वाजता तिनं लिहिलं. लिहायला तिला अर्धा तास पुरला नाही, पण साडेचारला थांबायचंच म्हणून जमेल तसं लिहिलं: 'भट्टी पेटलेली असताना यापुढं फोन बंद. उत्तरं रोज चार ते साडेचार. आणि हा पांढरा दिवा आणल्यापासून मी केलेली हत्यारं बरोबर नाहीत. पोलाद जास्त तापलं होतं. त्या दिवसांतल्या एकोणीस सुऱ्या गेल्यात, त्या परत पाठवा, नव्या करून देते. आधी चाळीस विळे करायचेत, मग सुऱ्या.'

"एवढं जगाला सांगायची गरज होती का?" नवरा म्हणाला.

"तुकडा कुणाच्या हातात घुसल्यावर सांगू?"

नवऱ्यानं उद्याचे पाटे मोजून काढायला घेतले.

मग काम सुरू झालं. सात दिवस, म्हणजे दिवसाला सहा विळे तरी पडायला हवेत. पूर्वी ते पडायचे. फोन आल्यापासून दिवसाला तीन व्हायचे आणि तिला वाटायचं, वय झालं आपलं. उजाडायच्या सुमाराला कोळसा पेटायचा. पाटा तापवून छिन्नीवर तोडायचा, ऐरणीवर लांबवायचा, नवऱ्याचा घण आणि तिचा हातोडा आळीपाळीनं. पातं वाकवायचं, कड पातळ करायची, दाते पाडायचे, कानशीनं साफ करायचं. दुपारी बाहेर गरम वारा सुटायचा आणि शेडमध्ये त्याच्या दुप्पट ऊब. मग दार लावून, पोतं सोडून, काळोखात एकेका पात्याला पाणी. चर्र आवाज आणि वाफेचा लोट. शेवटी हलक्या आचेवर धरून राखेत निववायचं, कडकपणा उतरायला. नवऱ्यानं दुसऱ्याच दिवशी इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला. घामानं भिजलेलं बनियन घालून तो जास्त बरा दिसतो असं ठिणगीला वाटलं, पण तिनं ते बोलून दाखवलं नाही, नाहीतर पुन्हा कंगवा निघाला असता.

सगळ्यात वाईट होता तो हात. पोलाद भट्टीत गेलं रे गेलं की तिचा उजवा हात आपोआप एप्रनच्या खिशाकडं जायचा. खिसा रिकामा. पहिल्या दिवशी तर तो इतक्यांदा गेला की तिनं खिशाचं तोंडच दोऱ्यानं शिवून टाकलं. दुसऱ्या दिवशी डब्यात फोन टिणटिणला की पत्र्यामुळं आवाज दुप्पट व्हायचा आणि तिचा घाव चुकायचा. आबा नुसतं म्हणायचे, "चार वाजू दे." तिसऱ्या दिवशी तिला कळलं की पोलाद तापत असताना ती त्याच्याकडं बघते आहे. नुसतं बघते आहे, काळ्याचं तांबडं, तांबड्याचं डाळिंब होताना. किती दिवसांनी बघत होती! तिला एवढं बरं वाटलं की एकटीच हसली.

चौथ्या दिवशी चार वाजता डबा उघडला तर एका खानावळवाल्याचे सकाळपासूनचे अकरा निरोप. त्यानं बारा सुऱ्या सांगितल्या होत्या. 'सकाळी दहाला मला थेट व्हिडिओवर सुरी घडवताना दाखवा, नाहीतर ऑर्डर रद्द.' मग 'दहा वाजले.' मग 'हा कसला धंदा?' शेवटचा निरोप: 'रद्द.'

बारा सुऱ्या! बोटं शिवशिवली. क्षमा मागावी, उद्या दहाला येते म्हणावं, एवढं एकदाच. तिनं लिहिलंसुद्धा. मग तिनं वर लटकवलेले पंचवीस विळे पाहिले, लिहिलेलं पुसलं आणि नव्यानं लिहिलं: 'दादा, दहा वाजता माझ्या हातात सांडशी असते. चार वाजता बोला, नाहीतर राहू द्या.' पाठवलं.

त्याच्याच खाली एका बाईचा निरोप होता, टोमॅटोवाल्या. 'माझी सुरी त्या एकोणीसांतलीच आहे. परत पाठवते, पण घाई नाही. आधी विळे करा ताई. झाले की सांगा.' ठिणगीनं तो नवऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवला. दोनदा वाचून दाखवला.

पाचव्या दिवशी दुपारी नवरा 'कोळसा आणतो' म्हणून मागं गेला तो येईचना. आबांनी भाता थांबवला.

"कोळशाच्या ढिगामागं कोण हसतंय?"

ठिणगी जाऊन बघते तर हा गडी स्वतःचा फोन घेऊन उकिडवा बसलेला. 'दादा दिसत नाहीत हल्ली, दादांना बोलवा,' असं कुणीतरी लिहिलेलं वाचून गालातल्या गालात हसतोय. तोंडाला काळं लागलेलं.

"अहो! लाज नाही वाटत?"

"एकदाच बघितलं गं. शप्पथ."

तो मान खाली घालून घमेलं घेऊन आला. आबांनी वाटीत चाचपून एक खिळा घेतला. वाटीजवळ दुसरा डबा नव्हता, म्हणून त्यांनी तो सदऱ्याच्या खिशात टाकला. "एक," ते म्हणाले. नवऱ्याचा फोनही त्या दिवसापासून डब्यात गेला. तिथं दोघांना जागा होती.

सातव्या दिवशी दुपारी चाळिसावं पातं राखेतून निघालं. मुठी आधीच रंधून ठेवलेल्या होत्या. आता फक्त एकेक खिळा ठोकून बसवायच्या. आबांनी वाटी पुढं केली. ठिणगी ठोकत गेली. दहा, वीस, तीस. एकोणचाळिसावी मूठ बसली आणि वाटीत तिचं बोट नुसतंच फिरलं.

"खिळे संपले!"

"संपले? आणि ती मोठी पुडी?" नवऱ्यानं कोपरे शोधले. पुडी कधीच रिकामी झालेली. वाटीतले सोडून खिळेच नव्हते शेडमध्ये. "वाटीत अडतीसच होते," आबा म्हणाले. नवीन खिळा घडवायला भट्टी पुन्हा पेटवायला हवी. एका खिळ्यासाठी! ठिणगी मटकन खाली बसली. सात दिवस पाठीत भरलेलं सगळं एकदम जाणवलं.

"अडतीस कसे? एकोणचाळीस होते ना," ती म्हणाली. "मग मी एकोणचाळीस मुठी ठोकल्या कशा?"

"पहिली मूठ तू सोमवारी पुडीतल्या शेवटच्या खिळ्यानं ठोकलीस," आबा शांतपणे म्हणाले. "मी ऐकलंय. वाटीतले अडतीस झाले. आणि एकोणचाळिसावा..." त्यांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि खिळा काढून मुलाच्या दिशेनं धरला. "हा घे तुझा. कोळशामागचा."

नवरा आधी ओशाळला, मग असा काही हसला की ठिणगीलाही हसू आवरेना. त्यानंच तो खिळा ठोकला. चाळिसावा विळा तयार झाला.

आठव्या दिवशी उजाडताच मावशी आली. मागं बायका, डोक्याला फडकी बांधलेल्या. त्यांच्यात ती भाची, एका पोटरीला पट्टी, लंगडत आलेली. विळे ऐरणीभोवती गोल मांडून ठेवले होते. मावशीनं एक उचलला, उन्हाकडं धरून दाते बघितले आणि मग कुणाला न विचारता दाराच्या उंबऱ्यावर दाणकन आपटला. ठिणगीनं डोळे मिटले. खण्ण आवाज झाला आणि कितीतरी वेळ घुमत राहिला. दुसरा. तिसरा. मावशीनं चाळीसच्या चाळीस आपटले. एक दाता उडाला नाही.

उंबऱ्याचं मात्र वाटोळं झालं.

"हं," मावशी म्हणाली. तेवढंच. मग ती भाचीकडं वळली. "पहिला तू घे."

भाची मागं सरकली. "मला नको आत्या. भीती वाटते."

ठिणगी पुढं झाली. तिनं चाळिसावा विळा उचलून मूठ तिच्याकडं केली. "तुला लागलं ते माझ्यामुळं," ती म्हणाली. "उजेडात पाणी दिलं मी. आता काळोखात दिलंय, रंग बघून. तू कापत असताना मी तुझ्या शेजारी उभी राहते. उडालाच तर आधी मला लागेल."

भाचीनं तिच्याकडं पाहिलं, मग मावशीकडं, आणि विळा घेतला.

माळावरचा गहू वाळून खडखडत होता. चाळीस बायका ओळीनं वाकल्या. ठिणगी बोलल्याप्रमाणं भाचीच्या शेजारी उभी राहिली. भाचीनं डाव्या हातात मूठभर ताटं धरली, उजवा हात ओढला. सर्र. ताटं हातात आली. तिनं विळ्याकडं पाहिलं, मग पुन्हा ओढला. सर्र. चार ओंजळी झाल्यावर ती ठिणगीला म्हणाली, "बाजूला हो ना ताई, मधे येतेस!" आणि आख्खी ओळ हसली.

दगड आले. ते तिथलेच होते, तीस वर्षांचे. विळे त्यांच्यावर खणखणले आणि पुढं गेले. जेवणाच्या सुट्टीत मावशी बांधावर आली, विळ्याची धार अंगठ्यानं पाहिली आणि ठिणगीच्या पाठीत एक सणसणीत थाप मारली.

"पलीकडच्या दोन टोळ्यांच्या म्होरक्या मला विचारून गेल्या, कुठले विळे म्हणून. त्यांना ऐंशी हवेत. पाठवू का तुझ्याकडं, का तुला फोनवर फार काम आहे?"

"पाठव!" ठिणगी ओरडलीच. तिला उडी मारावीशी वाटली, आणि बांधावर कुणी बघत नाही असं समजून तिनं ती मारलीही. सगळ्यांनी बघितलं.

"मग काढ तो फोन," मावशी म्हणाली. "आमचा चाळीस जणींचा व्हिडिओ काढ. जगाला कळू दे."

ठिणगीचा हात खिशाकडं गेला. खिसा शिवलेला. "डब्यात आहे घरी. चार वाजता."

"बघा गं हिचं! आता आम्हाला हवाय तर साहेबीणबाईंना वेळ नाही!"

चारला नवरा सायकलच्या मागं आबांना बसवून आणि पुढं डबा अडकवून शेतावर आला. बायकांनी फडकी नीट केली, भाचीनं पट्टीचा पाय मुद्दाम पुढं घेतला, मावशीनं विळा खांद्यावर ठेवला. व्हिडिओ भर उन्हात निघाला. उजेड हवा तेवढा होता, आणि इथं पाणी द्यायचं नव्हतं. ठिणगीनं खाली लिहिलं, 'झाले चाळीस,' आणि टोमॅटोवाल्या बाईला वेगळं कळवलं की उद्यापासून तुझी सुरी. साडेचारला तिनं झाकण दाबलं. खानावळवाल्यानं काय लिहिलं होतं ते तिनं उद्यावर टाकलं.

बायका पुन्हा वाकल्या. आबा बांधावर मान तिरकी करून बसले होते, भात्याजवळ बसतात तसे. ठिणगी त्यांच्याशेजारी टेकली. शेतातून सर्र सर्र आवाज येत होता, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"चाळीस आहेत," आबा म्हणाले.

"मोजलेत?"

"ऐकले. एकही अडखळत नाही." त्यांनी चाचपत तिचा हात शोधला. फोडांनी भरलेला तळवा अंगठ्यानं तपासला, जसा ते पात्याचा दाणा तपासत. पाच वर्षांत त्यांनी तिच्या कामाला चांगलं म्हटलं नव्हतं, वाईटही म्हटलं नव्हतं.

"पाणी बरोबर बसलंय, लोहार," आबा म्हणाले.

ठिणगीनं त्यांच्या खांद्यावर डोकं टेकवलं आणि मनसोक्त रडून घेतलं. मग नाक पुसून ती उठली, एका दमलेल्या बाईच्या हातातला विळा मागून घेतला आणि ओळीत जाऊन वाकली.